परीक्षा कोणाची?

दिवाळीच्या चार दिवसांत मला सर्वांत अधिक कुतूहल वाटते ते पाडव्याचे. या दिवसाचे शास्त्रातले नाव बलिप्रतिपदा. म्हणजे देवाने ज्याची परीक्षा घेतली आणि ज्याला पायाखाली घालून पाताळात धाडले, त्या बळीच्या नावाने आपण हा दिवस साजरा करतो. कथा सर्वांनाच ठाऊक आहे. बटू वामन दारात आला. त्याने तीन पावले जमीन मागितली. दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश संपले, आणि तिसऱ्या पावलासाठी बळीने आपले मस्तक पुढे केले. पुराणकारांच्या मते बळी या परीक्षेला पुरेपूर उतरला. म्हणून तर त्याला सुतलाचे राज्य मिळाले आणि भगवंत स्वतः त्याच्या दाराशी द्वारपाल होऊन उभा राहिला. पण माझे लक्ष पुराणकारांपेक्षा आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांकडे जाते. ओवाळताना त्या इडापिडा टळण्याची प्रार्थना करतात आणि राज्य मागतात ते बळीचे! वामनाचे राज्य यावे असे कोणी म्हटल्याचे मी कधी ऐकलेले नाही. वामन हा साक्षात विष्णूचा अवतार. त्याच्याविषयी कोणाच्या मनात अनादर नाही. तरीही आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षकाला नमस्कार केला आणि जीव मात्र लावला तो परीक्षा देणाऱ्याला.

लोकांच्या या कलाचा विचार करू लागलो म्हणजे आपल्या घराघरांतून रोज उच्चारले जाणारे एक वाक्य आठवते. पाऊस दडी मारतो, उभे पीक करपते, आणि पारावर बसलेला म्हातारा म्हणतो, "देव परीक्षा बघतोय." इस्पितळाच्या बाकावर रात्र काढणाऱ्या माणसाला भेटायला आलेले आप्त हेच म्हणतात. मुलीचे लग्न मोडले, धंदा बुडाला, कर्त्या पुरुषाने अंथरूण धरले, तरी वाक्य तेच. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या महामारीत तर ते फोनवरून किती वेळा बोलले गेले असेल याची गणतीच नाही. माणसाला माणसाजवळ जाता येत नव्हते, तेव्हा हे वाक्य तेवढे जाऊ शकत होते.

या वाक्याला हसावे असे मला मुळीच वाटत नाही. ज्याने त्याचा आधार घेऊन वाईट दिवस काढले आहेत, त्याचा आधार काढून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि या आधाराची मुळे खोल आहेत. आपण लहानपणापासून सत्त्वपरीक्षेच्या कथांवर वाढलो. हरिश्चंद्राने राज्य दिले, बायको-मुलगा विकला, स्वतः डोंबाच्या घरी राबला, आणि आपल्याच मुलाच्या प्रेतावर स्मशानाचा कर मागितला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट काढला तोही याच राजाचा. श्रीधरांच्या शिवलीलामृतात श्रियाळ आणि चांगुणा यांची कथा आहे. अतिथी होऊन आलेल्या शंकराने त्यांच्याजवळ त्यांच्याच मुलाचे, चिलयाचे, मांस मागितले. आणि त्या माउलीने डोळ्यांतून टिपूस न काढता त्याचे मस्तक उखळात कांडले. या अध्यायाच्या वेळी ऐकणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागत.

या कथा सोसवतात याचे कारण त्यांना शेवट आहे. शेवटी परीक्षक प्रकट होतो. रोहिदास उठून बसतो, चिलया हाक मारताच धावत येतो, राज्य परत मिळते. तो सारा भयंकर प्रकार म्हणजे एक परीक्षा होती, हे आपल्याला कळते ते या शेवटामुळे. आयुष्यात हा शेवटचा प्रवेश होत नाही. चिलयाला कितीही हाका मारल्या तरी तो येत नाही. निकाल लागत नाही, प्रश्नपत्रिका कोणी काढली ते कळत नाही, आणि उत्तीर्ण झालो की अनुत्तीर्ण हेही कोणी सांगत नाही. अशा स्थितीत जे घडले त्याला परीक्षा म्हणावे तरी कशाच्या आधारावर?

यावर पहिला आक्षेप शाळकरी पोरानेही घ्यावा असा आहे. परीक्षा घ्यावी लागते ती गुरुजींना, कारण मुलाच्या डोक्यात काय शिरले आहे ते त्यांना दिसत नाही. देव तर सर्वज्ञ. मग त्याला परीक्षा हवी कशाला? याचे उत्तरही जुनेच आहे आणि ते वाईट नाही. देवाला कळावे म्हणून ही परीक्षा नसते. माणसाचे सत्त्व माणसाला कळावे म्हणून ती असते. सोन्याला अग्नीत घालतात ते सोने उजळून निघावे म्हणून.

सोन्याचा हा दृष्टांत इतका गोड आहे की, त्यात दडलेली एक अडचण आपल्या ध्यानातच येत नाही. सराफ सोन्याचा कस लावतो तेव्हा कसोटीवर एक बारीकशी रेघ ओढतो. सोने खरे की खोटे ते त्या रेघेवरून कळते आणि दागिना दागिनाच राहतो. कस लावण्यासाठी दागिन्याचा चुरा करणारा सराफ गावात फार दिवस दुकान चालवू शकणार नाही. शिवाय अग्नी सोन्याला उजळतो हे खरे असले, तरी लाकडाची तो राख करतो. संकटातून माणसे मोठी होतात हे मी पाहिले आहे. पण संकटाने माणसे कडवट, संशयी आणि क्षुद्र झालेलीही मी पाहिली आहेत. काल हसणारा माणूस दारिद्र्याच्या दहा वर्षांत स्वतःच्या मुलांवर हात उगारू लागतो. त्याला काय म्हणायचे? तो मुळात लाकूडच होता, असे? मग ही कसोटी कधीच चुकायची नाही. टिकला तो सोने आणि जळाला तो लाकूड. जो निवाडा काहीही घडले तरी खराच ठरतो, तो फारसे काही सांगत नसतो. जे टिकले त्यांची आपण चरित्रे लिहितो. जे मोडले त्यांची आठवण त्यांच्या घरातही फारशी निघत नाही.

तथापि, माझ्या मनाला खरी टोचणी लागते ती याहून वेगळ्या जागी. सत्त्वपरीक्षेच्या कथा आपण नेहमी परीक्षा देणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. एकदा त्या चिलयाच्या बाजूने ऐकाव्यात. परीक्षा होती श्रियाळाची आणि चांगुणेची. उखळात गेला तो चिलया. परीक्षा हरिश्चंद्राची, साप डसला रोहिदासाला. ख्रिस्ती आणि यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात ईयोब नावाच्या सत्पुरुषाची कथा आहे. त्याची निष्ठा पाहण्यासाठी त्याची गुरेढोरे गेली, आणि घर कोसळून सात मुलगे व तीन मुली गेल्या. तो निष्ठेला जागला, म्हणून शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. हिशेब पुरा झाला! पण ज्या आईने एक मूल गमावून दुसरे वाढवले आहे, तिला विचारून पाहावे की हा हिशेब पुरा होतो का. आधीची दहा मुले ही कोणाच्या तरी परीक्षेचा कागद होती काय? त्यांना स्वतःचे आयुष्य नव्हते काय?

हे पुराणातले झाले. आपल्याच मातीतले उदाहरण घेऊ. १६३०-३१ च्या भयंकर दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, घरातले होते नव्हते ते गेले, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. या आघातातून तुकोबांचे मन विठ्ठलाकडे वळले आणि महाराष्ट्राला त्याचा सर्वांत मोठा कवी मिळाला. पुष्कळ कीर्तनकार सांगतात की, देवाने तुकोबांची परीक्षा पाहिली. असेलही. पण अन्न मागत मागत जी गेली, तिची कोणती परीक्षा होती? तिला अभंग सुचायचे नव्हते. तिला घासभर भाकरी हवी होती. एका माणसाला संत करण्यासाठी दुसऱ्याला भुकेने मारणारा देव मला तुकोबांच्या विठ्ठलासारखा वाटत नाही.

मोठ्या उत्पातांत हा प्रश्न आणखी उग्र होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. तेव्हा अस्पृश्यता-निवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी सांगितले की, हे अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन आहे. येथे शब्द परीक्षेचा नसून शिक्षेचा आहे. पण दोहोंच्या मुळाशी समजूत एकच, की ईश्वर आपले म्हणणे माणसाच्या दुःखातून सांगत असतो. रवींद्रनाथ ठाकुरांना गांधीजींविषयी केवढा आदर! तरीही त्यांनी उघड विरोध केला, आणि गांधीजींनी तो विरोध आपल्याच 'हरिजन' पत्रात आपल्या उत्तरासह छापला. मोठी माणसे भांडतात तीही कशी मोठेपणाने भांडतात, ते यावरून पाहावे. रवींद्रनाथांचे म्हणणे असे की, निसर्गातील घटनांची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत. आणि हा युक्तिवाद एकदा मान्य केला, तर उद्या सनातनी मंडळीही म्हणतील की, गांधींच्याच सुधारणांमुळे देव कोपला. माझ्या मते हा आक्षेप बिनतोड आहे. ज्या भूकंपाने कोणताही पक्ष सिद्ध करता येतो, त्याने कोणताच सिद्ध होत नाही. पण याच गांधीजींनी मार्च महिन्यात बिहारचा दौरा केला आणि पडलेल्या गावांतून फिरून मदतकार्याला हात लावला, हेही विसरता येत नाही. त्यांचा तर्क मला पटत नाही, त्यांचे पाऊल पटते.

आपल्याकडे किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतले लोक गणपती बोळवून, दमून झोपले होते. जवळजवळ आठ हजार माणसे पुन्हा उठली नाहीत. भक्तीचे कसले माप घ्यायचे होते, की ते गणपतीला निरोप देऊन आलेल्यांच्याच उशाशी घ्यावे? बाहेरून गेलेल्या जाणकारांनी पाहिले ते असे की, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही घरे धक्क्यासरशी माणसांवर कोसळली. म्हणजे जमीन हलली ती निसर्गाने, पण माणूस मेला तो पुष्कळ अंशी भिंतीने. देवाची परीक्षा म्हणून हात जोडून बसलो, तर भिंतीचा विचार राहून जातो. आणि पुढच्या भूकंपात पुन्हा तीच भिंत, खाली पुन्हा तसेच झोपलेले मूल.

तर मग परीक्षेची ही कल्पना टाकूनच द्यावी काय? इतके सोपे नाही. कुंतीची गोष्ट पाहा. युद्ध संपले, राज्य मिळाले, आणि कृष्ण निरोप घेऊ लागला तेव्हा तिने त्याच्याजवळ काय मागितले? संकटेच येत राहोत. कारण संकटात तुझे दर्शन घडते. सारे आयुष्य वनवासात आणि काळजीत घालवलेल्या बाईने हे म्हणावे, याला काही अर्थ आहे. तुकोबांनीही दिवाळे निघाले आणि दुष्काळाने गांजले हे एका परी भलेच झाले, असे देवाला सांगितले आहे. या दोघांचे बोलणे मला खोटे वाटत नाही. उलट माणसाच्या मनाची एवढी उंची पाहून मान लवते.

मग कुंतीच्या तोंडी जे उदात्त वाटते, तेच भेटीला आलेल्या पाहुण्याच्या तोंडी का खुपते? पुष्कळ विचार केल्यावर मला याचे कारण साधे व्याकरणाचे वाटू लागले आहे. 'देव माझी परीक्षा पाहतो आहे' हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. ज्याच्यावर बेतली आहे तो ते म्हणतो आणि आपल्या दुःखाला आपणच अर्थ देतो. तो त्याचा अधिकार. 'देव तुझी परीक्षा पाहतो आहे' हे तेच वाक्य द्वितीयपुरुषी झाले, की त्याची जातच पालटते. आता बोलणारा बाजूला सुरक्षित उभा आहे आणि सोसणाऱ्याला सांगतो आहे की, हे ठीकच चालले आहे. शब्द तेच असूनही पहिले वाक्य श्रद्धेचे आहे, आणि दुसरे पुष्कळदा सुटका करून घेण्याचे.

आम्ही पूर्वी एका वाड्यात राहत होतो. तेथे शेजारच्या बिऱ्हाडातला कॉलेजात जाणारा मुलगा तापाने चार दिवसांत गेला. समाचाराला माणसे येत होती. एक पोक्त बाई त्या आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, धीर धरा. देव आपल्या आवडत्या माणसांचीच परीक्षा पाहतो हो." त्या बाई मनाच्या वाईट नव्हत्या, चार माणसे बोलतात तेच त्या बोलल्या. आईने मान वर केली आणि अगदी शांतपणे उत्तर दिले, "मग त्याला म्हणावं, मी नापास झाले. माझं पोर तेवढं परत दे." खोलीत कोणालाच काही बोलता येईना. तेवढ्यात वाड्यातल्या एक म्हाताऱ्या काकू पितळी पातेले घेऊन आल्या. त्यांनी पिठले-भाताचे पातेले कोपऱ्यात ठेवले, धाकट्या बहिणीला जवळ घेऊन चार घास भरवले, रिकामी कळशी उचलली आणि नळावर गेल्या. तासाभरात त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मी धर्मावर पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. त्यांतली बरीचशी मी विसरलो, ती कळशी मात्र विसरलो नाही.

ईयोबाच्या कथेतही असेच आहे. त्याचे तीन मित्र भेटीला आले. त्याची दशा पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. मग त्यांनी तोंड उघडले आणि सगळे बिघडले! त्याच्या दुःखाची ते एकामागून एक कारणे सांगू लागले. कथेच्या शेवटी देव रागावतो तो या कारणे सांगणाऱ्यांवर. जो रडला, भांडला, देवालाच जाब विचारीत राहिला, त्या ईयोबावर नाही.

आपल्याकडे कारणांची आणखी एक सोय आहे. एका श्वासात आपण म्हणतो देव परीक्षा पाहतो, आणि दुसऱ्या श्वासात म्हणतो पूर्वजन्मीचे भोग आहेत. वस्तुतः ही दोन मते एकमेकांशी जुळत नाहीत. भोग म्हणजे जुन्या कर्जाची फेड. परीक्षा म्हणजे पुढच्या वर्गाची तयारी. एकाच दुःखाला दोन्ही नावे कशी देता येतील? पण व्यवहारात दोहोंचा उपयोग एकच होतो. फेड चालू असो की परीक्षा, शेजाऱ्याने मध्ये पडण्याचे कारण उरत नाही. परीक्षेच्या दालनात दुसऱ्याला उत्तर सांगणे हा तर गुन्हाच!

आपल्या संतांनी हा नियम कधी मानला नाही. दुष्काळात तुकोबांच्या वाट्याला जे आले त्याला त्यांनी काहीही नाव दिले असो. पण ज्यांच्याकडून त्यांचे येणे होते त्या कुणब्यांना 'देव तुमची परीक्षा पाहतो आहे' असे त्यांनी सांगितल्याचे कोठे ऐकिवात नाही. परंपरा सांगते ती अशी की, वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. स्वतःच्या दुःखाचा त्यांनी अर्थ लावला आणि दुसऱ्याच्या दुःखाचे कागद बुडवले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्यांना उघडून दिली. या कथेत देव कोणाची परीक्षा पाहायला येत नाही. तो महाराच्या वेषात बेदरच्या दरबारात जातो आणि धान्याची रक्कम भरून येतो. दामाजीच्या गोष्टीतला हा देव वामनापेक्षा मला जवळचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, मग असे म्हणू या की परीक्षा असते, पण सोसणाऱ्याची नाही, पाहणाऱ्याची. हे ऐकायला चांगले आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरी त्यातही एक सूक्ष्म अहंकार लपलेला असतो. शेजारचा उपाशी राहिला तो माझ्या दयेला वाव मिळावा म्हणून, असे मानणे म्हणजे त्याच्या भुकेलाही माझ्याच गुणपत्रिकेत जमा करणे. एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. त्या क्षणी ही आपली परीक्षा आहे असा विचार नाथांच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. गाढवाला तहान लागली होती आणि नाथांच्या खांद्यावर पाणी होते. त्या गाढवाच्या श्रद्धेची चौकशी कोणी केली नाही आणि त्याचे पूर्वकर्मही कोणी काढले नाही.

देव माणसाची परीक्षा पाहतो की नाही, हे मी सांगू शकत नाही. ज्याला आपल्या दुःखात तसे दिसते, त्याने तसे खुशाल मानावे आणि त्या बळावर उभे राहावे. माझे म्हणणे एवढेच की, ते वाक्य आपण दुसऱ्याच्या वतीने उच्चारू नये. आणि दुसऱ्याच्या दारी जाऊन बोलायचे नाही तर करायचे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या रीतींना ते केव्हाचे ठाऊक आहे. ज्या घरात माणूस गेले तेथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भात जातो. ज्या घरात वर्षभरात असे काही घडले, तेथे दिवाळीला कढई चढत नाही, आणि आप्तेष्टांकडून फराळाची ताटे येतात. ही रीत ज्यांनी घातली त्यांनी दुःखाचे कारण शोधले नाही. घरात लहान मुले आहेत आणि सण आहे, एवढेच पाहिले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकल्यांचा वास घरात दरवळत असेल आणि मुले फटाक्यांसाठी मागे लागली असतील. सण मनसोक्त साजरा करावा. फक्त फराळाचे डबे भरताना आपल्या आळीत, आपल्या इमारतीत यंदा कोणाची कढई चढलेली नाही ते आठवावे आणि एक ताट तिकडे पाठवावे. नुसते पाठवण्यापेक्षा स्वतः न्यावे. तेथे काय बोलावे असा प्रश्न पडला, तर काही न बोलता थोडा वेळ बसावे. आणि निघताना घरातली कळशी भरलेली आहे की नाही, तेवढे बघावे.